शेवंताक्काचा आवाज

आमच्या गल्लीत गजर लावून कुणी उठत नसे. मोबाइलमध्ये गजर असतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण तो लावायची वेळ कधी कुणावर आली नव्हती. उजाडायच्या सुमाराला शेवंताक्काच्या अंगणातून पहिली हाक उठायची, "श्वास घ्याऽऽ!" आणि आष्ट्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला तो घ्यावाच लागायचा. झोपेत असलेला माणूसही घ्यायचा. मग "सोडाऽऽ" म्हटल्याशिवाय सोडायचं धाडस कुणी करत नसे.

आक्का योग शिकवते. योगाचा वर्ग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बासरीची धून, उदबत्ती आणि पुटपुटल्यासारखं बोलणारी एखादी सडपातळ बाई येते. आक्काच्या वर्गात यातलं काही नाही. पासष्टीकडं झुकलेली, थोराड बांध्याची बाई, नऊवारीचा घट्ट काष्टा, आणि आवाज असा की ऊस घेऊन कारखान्याकडं निघालेले ट्रॅक्टरवालेसुद्धा आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले की आपली गाणी बारीक करायचे.

बरं, मोठा आवाज एकवेळ समजू शकतो. पण समोर स्वतः आसन करून दाखवत असताना ही बाई तोंडानंही त्यातली एकेक बारीक गोष्ट सांगत असायची. "उजवा पाय फुडं घ्या. टाच भुईला. डावा हात कानाला लागंपत्तूर वर. कोपर वाकवू नगा. आता खाली बगा, आंगठा दिसला पायजे!" समोर बसलेल्यांना डोळे आहेत हे ती विसरूनच गेलेली असायची. आणि कुणाचं काही चुकलं की फौजेतली आरोळी, "जैसे थे!" मग सगळे पहिल्यापासून.

माझं मेडिकलचं दुकान तिच्या अंगणासमोर, रस्त्याच्या या बाजूला. वर आम्ही राहतो. मी लहानपणापासून तिला अगं-तुगंच करतो आणि ती मला नावानं न बोलावता "ए मेडिकल!" म्हणते. आमचे संबंध चांगले आहेत, पण धंद्याच्या दृष्टीनं पाहिलं तर ती माझ्या पोटावर पाय देणारी बाई आहे. कंबरदुखीचा मलम, गुडघ्याचा पट्टा, पित्ताच्या गोळ्या, झोपेचा आयुर्वेदिक काढा-बिढा, सगळ्याचा खप तिनं खाली आणलाय. माझी बायको संगीता तिच्याच वर्गात पहिल्या रांगेत बसते, म्हणजे घरातूनही पाठिंबा नाही.

आक्काचं म्हणणं असं, की अंग एकच आहे, त्याचे तुकडे करून औषध देता येत नाही. तिच्याकडं नवीन माणूस आला की ती पहिल्या दिवशी त्याला काहीही करू देत नाही. समोर बसवते आणि विचारते, "काय खातूस? कवा झोपतूस? आन् कुणासंगं बोलत न्हाईस?" पहिल्या दोन प्रश्नांना लोक पटापट उत्तरं देतात. तिसऱ्याला घसा खाकरतात. आक्का मग मान हलवून म्हणते, "हां. हितं अडकलाय बग श्वास."

आमच्या दिनकरचंच घ्या. दिनकर पोस्टात असतो, शेतीही आहे. त्याची कंबर अशी धरली होती की मोटारसायकलवर तांब्याच्या घागरीसारखं त्याला कुणीतरी उचलून ठेवावं लागे. माझ्याकडून त्यानं कमरेचा पट्टा नेला, भारीतला. शेवटी आक्काकडं गेला. आक्कानं तिसरा प्रश्न विचारल्यावर कळलं, की बांधावरून थोरल्या भावाशी भांडण आहे आणि दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

"बांधाचं भांडण कमरंतच उतरतंय," आक्का म्हणाली. "जा, त्येच्या घरी जाऊन च्या पिऊन ये. मग तुला भुजंगासन शिकवीन."

"आक्का, मी योग शिकायला आलोय. च्या प्यायला न्हाई."

"आरं, तू वाकून त्येच्या दारात शिरलास की निम्मं आसन झालं. दार बुटकं हाय त्येचं."

दिनकर गेला. भावानं आधी कुत्रं सोडलं म्हणतात, मग चहा दिला. बांध जिथं होता तिथंच आहे, पण आता दोघं त्याच्या दोन बाजूंना बसून तंबाखू मळतात. कंबर भुजंगासनानं सुधारली की चहानं, हे मला सांगता येणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की माझा भारीतला पट्टा त्यानं "आता नगं" म्हणून परत आणून दिला.

हे सगळं आक्का शिकली कुठं, तर सरहद्दीकडच्या फौजी क्वार्टरमध्ये. तिचे यजमान हणमंतनाना हवालदार होते. लग्न झाल्यावर ते तिला घेऊन वर कुठंतरी कडाक्याच्या थंडीत गेले. नाना ड्यूटीवर, पदरी मूल नाही, हिंदीचा एक शब्द येत नाही. बाईनं अंथरूण धरलं. शेजारच्या क्वार्टरमधल्या पंजाबी बाईनं एक दिवस तिला हाताला धरून उन्हात आणलं आणि आपण हात वर केले. आक्कानंही केले. ती वाकली, आक्काही वाकली. "मैनाभर आमी एक अक्षर बोललो न्हाई," आक्का सांगते, "ती करायची तसं म्या करायची. बगून बगून माणूस झाले." पुढं नाना गेले, तेव्हा तिनं साताऱ्याला जाऊन योगशिक्षिकेचा रीतसर कोर्सही केला. तोंडी परीक्षेत सरांनी योगाची व्याख्या विचारली. तिला संस्कृत काही आठवेना. ती म्हणाली, "तुटल्यालं जोडायचं, सर. आणि काय?" सरांनी पास केलं.

मध्यंतरी तिची कीर्ती महाबळेश्वरपर्यंत गेली होती. तिथल्या एका हॉटेलवाल्यानं पर्यटकांना सकाळचा योग शिकवायला बोलावलं. आक्का मोठ्या उत्साहानं गेली. पहिल्याच सकाळी हिरवळीवर उभं राहून तिनं "श्वास घ्याऽऽ!" केलं आणि वरच्या मजल्यावरची सगळी नवी जोडपी पांघरुणं गुंडाळून गॅलरीत आली. मॅनेजर धावत आला. म्हणाला, मॅडम, जरा हळू, लोक विश्रांतीला येतात इथं. आक्का म्हणाली, "हळू बोलायची सवय मोडलीया बाबा," आणि दुपारच्या एस्टीनं परत. येताना स्ट्रॉबेरी आणल्या. त्याही सगळ्यांना वाटताना "देठ धरून खा, श्वास नाकानं घ्या," हे चालूच.

अशी ही जगाची भांडणं मिटवणारी बाई. आणि हिची स्वतःची मान डावीकडं वळत नाही.

हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं. "मान डावीकडंऽऽ" असं आक्का ओरडायची, सगळे वळवायचे, आणि ती स्वतः नाकासमोर बघत उभी. उजवीकडं मात्र घुबडासारखी खांद्यापर्यंत जायची. एकदा दिनकरनं धीर करून विचारलं, "आक्का, तुमची का वो वळत न्हाई डावीकडं?" आक्कानं त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो आपणहून ताठ उभा राहिला. "जैसे थे!" ती गरजली. पुढं कुणी विचारलं नाही.

विचारायची गरजही नव्हती. डावीकडं मालनकाकीचं दार आहे.

मालनकाकी म्हणजे आक्काची धाकटी जाऊ. वाटण्या झाल्यावर सिमेंटचं ते एकच घर मधे भिंत घालून दोघा भावांनी वाटून घेतलं. अंगण एक, दारं दोन. वाटणी होऊनही जावा-जावांचं चांगलं होतं. इतकं की मालनकाकीची रूपाली दिवसभर आक्काच्याच घरात असायची. तिच्या वेण्या आक्का घालायची, शाळेचा डबा आक्का द्यायची, मार खायची वेळ आली की ती आक्काच्याच काष्ट्याला लटकायची. स्वतःचं मूल नसल्याचं आक्कानं कधी बोलून दाखवलं नाही, कारण आमच्या सगळ्यांच्या दृष्टीनं रूपाली तिचीच होती.

रूपालीचं लग्न ठरलं तेव्हा हळद आक्कानं आपल्या हातानं केली. शेतातली निवडक कांडी घेतली, शिजवली, वाळवली, दळून आणली. सांगलीच्या बाजारात नाही असा रंग होता, असं संगीता अजून सांगते. हळदीच्या दिवशी आक्का वाटी घेऊन रूपालीच्या पुढ्यात बसायला गेली, तर मांडवातली एक म्हातारी चुलत सासू म्हणाली, "शेवंते, तू नगं गं. सवाशिणी लावत्याल. तू बाजूला बस."

आक्का थांबली. म्हातारीकडं तिनं पाहिलंच नाही. तिनं मालनकाकीकडं पाहिलं. मालनकाकीनं एक शब्द बोलायचा होता, "लावू द्या तिला," एवढाच. पण ती मुलीची आई, मांडव भरलेला, व्याह्यांकडचे लोक समोर. तिनं मान खाली घातली. आक्कानं वाटी पाटावर ठेवली, पदर सावरला आणि आपल्या दारातून आत गेली. त्या दिवसापासून दोघींत बोलणं नाही. रूपाली माहेरी आली की दोन्ही दारांतून ये-जा करते, दोन्हीकडं रडते आणि सासरी जाते.

यात मला दोन गोष्टींचा उलगडा होत नव्हता. एक म्हणजे, आक्काचा वर्ग आधी सोसायटीच्या हॉलमध्ये भरायचा. फरशी, पंखे, सगळं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिनं तो उचलून अंगणात आणला, जिथं डाव्या हाताला मालनकाकीचं बंद दार. "हालमदी वारं न्हाई," म्हणाली. ज्या जावेचं तोंड बघायचं नाही तिच्याच दारात रोज सकाळी जाऊन उभं राहायचं, हे मला कळेना.

दुसरी गोष्ट दुकानातली. मालनकाकीचे गुडघे जुने दुखणाईत. भारी शरीर, जिना चढायचा म्हणजे रेलिंगला धरून तास. तिचे यजमान वसंतकाका माझ्याकडून गुडघ्याच्या गोळ्या आणि मलम नियमानं न्यायचे. हळूहळू मलम बंद झालं, मग गोळ्या. मी विचारलं, "काका, दुसरीकडनं नेताय व्हय?" तर म्हणाले, "न्हाई बा. बरं वाटतंय म्हणती." मी मनात म्हटलं, ही तर योगाला येतही नाही. माझं गिऱ्हाईक गेलं कुठं?

उलगडा झाला तो गेल्या थंडीत. एक दिवस दुपारी आक्का दुकानात आली. ती दुकानाची पायरी कधी चढत नाही, रस्त्यावरूनच ओरडते. आज चढली आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवून नुसते ओठ हलवले. घसा पार बसला होता. आतून फक्त वारा येत होता.

"आवाज दे," ती कुजबुजली. "उद्या सकाळपत्तूर."

मला आधी हसूच आलं. म्हटलं, "आक्का, घसा बसलाय, गरम पाणी पी, चार दिवस बोलू नगंस. उद्या नुसतं करून दाखव की. सगळ्यांना दिसतंयच."

तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. शेवंताक्काच्या डोळ्यांत पाणी मी नाना गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"सगळ्यास्नी दिसतंय रं," ती म्हणाली. "दाराआड हाय, तिला कसं दिसंल?"

मी काउंटरपलीकडून तिच्यासाठी स्टूल पुढं सरकवलं.

मग ती थांबत थांबत, वाऱ्याच्या आवाजात सांगत गेली. मधली भिंत एका विटेची. जिना चढताना मालन कण्हायची ते पलीकडं ऐकू यायचं. बोलायचं तर नव्हतं. मग हिनं वर्ग अंगणात आणला आणि मोठ्यानं, अगदी आंधळ्यालाही कळेल असं सांगायला लागली. थोड्या दिवसांनी बंद दाराआडून बांगड्या वाजल्या. हिनं "हात वर" म्हटलं की वाजायच्या, "हात खाली" म्हटलं की वाजायच्या. तेव्हापासून ती रोज आधी त्या बांगड्या ऐकते आणि मग पुढचं सांगते.

"मग बोलत का न्हाईस गं तिच्याशी?" मी म्हटलं.

"तिनं बोलायचं हाय," आक्का म्हणाली. "त्या दिशी तिनं बोलायचं हुतं."

एवढं सांगून तिनं डोळे पुसले आणि काउंटरवर चापट मारली. "उद्या तू वरडायचं. म्या करती, तू सांग."

माझा योगाशी संबंध संगीताच्या डब्यातल्या मोड आलेल्या मटकीपुरता. पण नाही म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वेटर, कानटोपी घालून अंगणात आक्काच्या शेजारी उभा राहिलो. पहिलं "श्वास घ्याऽऽ" मी केलं तेव्हा वर्गातले लोक हसले आणि दोन घरांतून लोक बघायला बाहेर आले. पण दाराआड बांगड्या वाजल्या. मलाही ऐकू आल्या, आणि खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. मग मला चेव चढला.

सुरुवात बरी गेली. हात वर, हात खाली, मान उजवीकडं. पुढं वृक्षासन आलं. आक्का शेजारी करत होती आणि मी बघून सांगत होतो. "उजवा पाय उचला! तळवा डाव्या मांडीला लावा! हात जोडून वर!" बांगड्या वाजल्या, वर गेल्या. मी खूश. आक्कानं पाय खाली घेतला आणि बाजू बदलली. मी ओरडलो, "आता डावा पाय उचला!"

मधलं "उजवा पाय खाली घ्या" हे राहिलंच. समोरच्या लोकांना काही फरक पडला नाही, ते आक्काकडं बघत होते. पण दाराआडची बाई आवाजावर चालणारी. आवाज बदलला तरी सवय तीच. आतून आधी "आं?" असं आलं, मग कळशी गडगडली, आणि मग बऱ्याच मोठ्या वजनाचं काहीतरी खाली आल्याचा आवाज झाला.

"मालन!" आक्का ओरडली. म्हणजे तोंड तरी तसं झालं. आवाज आलाच नाही. पण तिची मान जी गर्रकन डावीकडं वळली, ती पहिल्या रांगेतल्या संगीतानं पाहिली, आणि पुढचे आठ दिवस तिनं ते गल्लीभर सांगितलं. आक्का काष्टा सावरत पळाली आणि खांद्यानं दार ढकलून आत शिरली. आम्ही मागोमाग.

मालनकाकी जमिनीवर बसकण मारून बसली होती. नशीब, मागं हळदीची भरलेली पोती होती, त्यांवर आदळली. चेहरा रागानं लाल. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं.

"ह्या मेडिकलला कुणी सांगितलं वरडायला? दोन्ही पाय उचलल्यावर माणूस उभं कशावर ऱ्हायाचं?" मग ती आक्काकडं वळली. "आन् तू गं? तुजा आवाज कुटं गेला?"

इतक्या काळानंतरचे पहिले शब्द, आणि आक्काजवळ उत्तर द्यायला आवाज नाही. तिनं नुसता घशावर हात ठेवला. मग खाली बसून मालनकाकीचा पाय मांडीवर घेतला आणि घोटा चोळायला लागली. चोळता चोळता रडायला लागली.

पाय मुरगळला नव्हता. थोड्या वेळानं मालनकाकी भिंतीला धरून उठली आणि पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली. आम्हाला वाटलं, झालं, संपलं. आत गॅस पेटल्याचा आवाज आला, खलबत्त्याचा आला. बाहेर आली तेव्हा हातात वाटी होती. वाटीत गरम हळदीचा लेप.

ती आक्काच्या समोर बसली. दारात संगीता, दिनकर, वर्गातल्या सगळ्या बाया, रस्त्यावरून बघायला आलेले लोक. मांडवात नसतील इतके.

"आक्का," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लावू का?"

आक्कानं मान हलवली. मालनकाकीनं दोन बोटांनी लेप घेऊन तिच्या गळ्याला लावला, या कानापासून त्या कानापर्यंत. एक बाजू झाली की आक्का मान वळवायची, उजवीकडं, मग डावीकडं. मग मालनकाकीनं वाटी आक्काच्या हातात दिली आणि आपले दोन्ही गाल पुढं केले. दिनकर पोस्टात उशीर होतो म्हणून निघाला होता, तो नाक ओढत तिथंच थांबला.

रूपालीला कुणीतरी व्हिडिओ कॉल लावला. तिला पलीकडं दोन पिवळी तोंडं दिसली आणि ती अशी रडली, की तिच्या नवऱ्याला वाटलं कुणीतरी गेलं.

आक्काचा आवाज चार-पाच दिवसांनी परत आला. मी दुकानदाराच्या हिशेबानं म्हणतो, माझ्या गोळ्यांनी. गल्ली म्हणते, हळदीनं. इतके दिवस मोबाइलच्या गजरावर उठलेल्या गल्लीनं गजर बंद केले, वर्ग पुन्हा सुरू झाला, आणि त्या सकाळी मी उठलो तेव्हा ऊन खिडकीतून माझ्या तोंडावर आलं होतं. अख्खी गल्ली उशिरा उठली होती. शाळेच्या गाड्या चुकल्या, दूधवाला दारोदार कड्या वाजवत फिरत होता. मी घाबरून खाली पळालो. म्हटलं, आक्काचा घसा परत बसला की काय.

अंगणात वर्ग चालू होता. पहिल्या रांगेत, संगीताच्या शेजारी, मालनकाकी पाटावर बसून हात वर करत होती. आक्का तिच्या समोर उभी होती आणि इतक्या हळू बोलत होती की मला रस्ता ओलांडून अगदी जवळ जावं लागलं.

"आक्का, आवाज आलाय ना तुझा?" मी म्हटलं. "मग वरडत का न्हाईस? गल्ली झोपून ऱ्हायली की."

आक्कानं मालनकाकीचा खाली आलेला हात नीट वर केला. बांगड्या वाजल्या.

"कुणासाठनं वरडू रं आता?" ती म्हणाली. "समोर तर हाय."